अंडं खोटं बोलत नाही

२ फेब्रुवारी

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार. धोंड्याचं पत्र आलं म्हणजे काहीतरी मागणं असणार, असं तू म्हणशील आणि ते खरंच आहे.

आमचा पुस्तकबांधणीचा कारखाना बंद पडला. सगळी उमर सरस, दोरा आणि पुठ्ठ्यात गेली, दुसरं काही हाताला येत नाही. पण गावाबाहेरच्या तळ्यावर रखवालदाराची जागा निघाली आहे. तिथे होड्या भाड्याने मिळतात, संध्याकाळी लोक हवा खायला येतात, आणि कुणी पाण्यात पडलंच तर बाहेर काढायला एक माणूस लागतो. तळ्याच्या साहेबांना मी पसंत पडलो. म्हणाले, जागा तुमचीच समजा, फक्त पोहता यायला हवं, आणि पोहता येतं असं एखाद्या जाणत्या माणसाने लिहून द्यायला हवं.

आता माझं आणि पाण्याचं काय नातं आहे ते तुझ्याइतकं कुणाला माहीत? लहानपणी तू मला विहिरीत ढकललंस, मी सरळ तळ गाठला, आणि वर काढल्यावर तू आख्ख्या आळीला सांगितलंस की आमचा चुलतभाऊ माणूस नाही, धोंडा आहे. त्या दिवसापासून माझं खरं नाव फक्त रेशनकार्डावर उरलं. अजूनही अंघोळीच्या बादलीत मी आधी तळ दिसतो का ते पाहतो.

पण तू मिठागराचा मुकादम, जन्म पाण्यात काढलास. मला शिकवशील का? ही म्हणते, त्यांच्याकडे जाऊ नका, ते तुमची चेष्टा करतील. मी म्हटलं, चेष्टेने काही अंगाला भोकं पडत नाहीत. नोकरी नाही मिळाली तर मात्र घर बसेल.

तुझ्या लेकीला, मासोळीला, पावसाळ्यात इकडे नर्सिंगला घालायचं तुझ्या मनात आहे ना? वसतिगृहाचा विचारही करू नकोस. आमच्याकडची मागची खोली तिच्यासाठीच आहे.

तुझा,
धोंडा


९ फेब्रुवारी

प्रिय धोंड्या,

पत्र वाचून डोळ्यांत पाणी आलं. हसून आलं, पण आलं.

अरे, ज्याला आंघोळीची बादली खोल वाटते त्याने लोकांना तळ्यातून काढायचं? तुमच्या साहेबांना एकदा पाहिलं पाहिजे. असो. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, तू तर काडी सोडून थेट ओंडक्याकडे आलास. ये.

इथे तुला शिकवायची जागाही तयार आहे. समुद्राचं पाणी आम्ही वाफ्यांत घेतो आणि उन्हाने आटवत एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत जातो. शेवटी जे उरतं ते एका मोठ्या टाक्यात साठवतो. टाकं पुरुषभर खोल आहे, चारी बाजूंनी पायऱ्या आहेत. त्यात आजवर कुणी बुडालेलं नाही, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. पाणी तयार झालं की नाही हे आम्ही अंडं टाकून जोखतो. बुडलं तर पाणी कच्चं, तरंगलं तर पक्कं. मालकांनी मध्ये काचेचं यंत्र आणलं होतं, ते पोरांनी फोडलं. अंडं बरं. अंडं खोटं बोलत नाही.

तुला पण तसंच टाकू आणि जोखू. वहिनींना सांग, चेष्टा अजिबात होणार नाही. मी स्वतः काठावर उभा राहीन, आणि आमची झाडून सगळी माणसं पण उभी राहतील. तुझ्यासाठी खास सुट्टी देतो त्यांना.

तेलाची बाटली घेऊन ये, अंग चुरचुरतं. मासोळी मात्र भेटणार नाही, परीक्षेसाठी तालुक्याला राहते.

तुझा,
दादा


६ मार्च

प्रिय दादा,

सुखरूप पोचलो. पाठीची सालं निघत आहेत, पापण्या सुजल्या आहेत, आणि मी इतका खुशीत आहे की हिला माझी काळजी वाटते.

तुझे उपकार कसे फेडू कळत नाही. पहिल्या दिवशी पायरीवर उभा राहून आधी तळ दिसतो का ते पाहिलं. तू म्हणालास, 'उडीबिडी मारू नकोस. शर्ट काढ, उतर, पाठ टेक, हातपाय सैल सोड, पाणी तुला आपणहून उचलेल.' मी डोळे मिटून पाठ टेकली. आणि दादा, खरंच उचललं. खाली जावं म्हटलं तरी जाता येईना. पाय वर, छाती वर, आरामखुर्चीत पडल्यासारखा मी आकाशाकडे बघत पडलो होतो. माझ्यासारखा सडपातळ, नुसत्या हाडांचा माणूस. काठावरची तुझी माणसं हसत होती, तो म्हातारा फावडेवाला तर हसता हसता खाली बसला. दुसऱ्याच्या आनंदाने इतकं हसणारी माणसं मी कुठे पाहिली नाहीत.

नंतरच्या दिवसांत हात मारत या पायरीवरून त्या पायरीवर जायला लागलो, तेव्हा तू म्हणालास, 'आता तुला शिकवण्यासारखं माझ्याकडे काही उरलं नाही.' ते वाक्य मी हिला तीनदा सांगितलं. ती म्हणते, झोपेतसुद्धा तुम्ही हात सैल सोडून पडता.

एक शंका आहे, विचारायला लाज वाटते. तळ्याचं पाणी आणि तुमच्या टाक्याचं पाणी यात काही फरक असतो का रे? ही विचारत होती. मी म्हटलं, पाण्यात कसला फरक असणार, पण दादाला विचारतो.

आणि ती साहेबांसाठी चिठ्ठी तेवढी पाठव.

तुझा,
धोंडा


१३ मार्च

प्रिय धोंड्या,

फरक आहे ना. आमचं खारं, तुमचं गोडं. आमच्या पाण्याने तुझी सालं निघाली, तुमच्या पाण्याने अंगाला जरासुद्धा चुरचुरणार नाही. खाऱ्यात जो तयार झाला त्याने गोड्याची काळजी करायची म्हणजे खडी फोडणाऱ्याने शेंगा फोडायला घाबरण्यासारखं आहे. वहिनींना म्हणावं, पाणी ते पाणी.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. 'सदर इसमास मी स्वतः पाण्यात उतरवले असून, प्रयत्न करूनही तो बुडाला नाही.' यातलं एक अक्षर खोटं असेल तर सांग. खाली मिठागराचा शिक्का मारला आहे, साहेब खूश होतील. परीक्षा घेतो म्हणाले तर बेलाशक घेऊ दे. फक्त कशी झाली ते मला सविस्तर लिही, काही गाळू नकोस.

इथे तुझी रोज आठवण निघते. जेवायच्या सुट्टीत फावडेवाला पाठीवर पडून तुझी नक्कल करतो, आणि नव्या माणसांनाही आता ती पाठ झाली आहे.

तुझा,
दादा


२१ एप्रिल

प्रिय दादा,

पेढ्याऐवजी पत्र पाठवतो. जागा मिळाली.

परीक्षा झालीच नाही. साहेबांनी तुझी चिठ्ठी दोनदा वाचली, शिक्का बघितला आणि म्हणाले, 'मिठागराचा मुकादम म्हणतो म्हणजे झालं.' शिवाय या तळ्याचं पाणी सगळं गाव पितं, म्हणून त्यात कुणीही उतरायचं नाही असा नियम आहे. रखवालदारानेसुद्धा नाही, कुणी बुडत असेल तरच. त्यामुळे अजून पायही ओला केलेला नाही. गळ्यात शिट्टी आहे, अंगात खाकी शर्ट. टायरची एक ट्यूब होती ती फुटली आहे. नवी मागवू का विचारलं तर साहेब म्हणाले, 'तुम्ही असताना ट्यूब कशाला?'

दादा, एक गोष्ट तुला सांगायची होती. इथे मला कुणी धोंडा म्हणत नाही. होडीवाल्याची पोरं 'पोहणारे काका' म्हणतात. या वयात माणसाला नवं नाव मिळतं हे मला माहीत नव्हतं. संध्याकाळी काठावर फेऱ्या घालताना मी पाण्याकडे बघतो आणि पहिल्यांदाच ते माझ्याकडे वाकडं बघत नाही असं वाटतं.

तुझा,
धोंडा


११ जून

प्रिय पोहणारे काका,

तुमची कीर्ती इथवर आली. पत्र जेवायच्या सुट्टीत सगळ्यांना वाचून दाखवलं. 'तुम्ही असताना ट्यूब कशाला' या वाक्याला फावडेवाल्याला ठसका लागून पाणी पाजावं लागलं.

मासोळीला पाठवतो आहे. आईविना वाढलेली पोर आहे, मी लाडावून ठेवली आहे. माझ्यासारखीच द्वाड निघाली, गंमत केल्याशिवाय तिला अन्न पचत नाही. पण आताशा तिचं भलतंच काही चालतं. परवा मला म्हणते, 'बाबा, काका कधीच कुणाला हसत नाहीत, तुम्ही सारखे कुणाला तरी हसत असता.' मी म्हटलं, ज्याला सगळं जग हसतं तो कुणाला हसणार? ती दिवसभर माझ्याशी बोलली नाही. तू काय जादू केलीस पोरीवर कोण जाणे. सांभाळ तिला.

तळ्यात अजून कुणी पडलं नाही ना? न पडो. तुझ्यासाठी नाही म्हणत मी, पडणाऱ्यासाठी म्हणतो.

तुझा,
दादा


४ जुलै

प्रिय दादा,

मासोळी आली आणि घर भरलं. पहिल्याच दिवशी हिच्या साडीच्या घडीत तिने रबरी पाल ठेवली. हिने ती शेपटीला धरून कचऱ्यात टाकली आणि भाजी चिरायला बसली. तेव्हापासून दोघींचं मेतकूट जमलं आहे. सध्या ही बहिणीच्या बाळंतपणासाठी गेली आहे, त्यामुळे स्वयंपाक आम्ही दोघं करतो. खातोही आम्ही दोघंच, दुसऱ्या कुणाला देण्यासारखा नसतो.

वीस तारखेच्या रविवारी तिला सुट्टी आहे, तेव्हा होडीतून फिरवायचं ठरलं आहे. ती म्हणते, मधोमध गेलो की मी उडी मारणार आणि तुम्ही मला काढायचं. मी सांगितलं, पाण्यात उतरायला मनाई आहे. तर म्हणते, 'आणि मी चुकून पडले तर?' पाण्याखाली श्वास धरून किती वेळ राहते ते तिने मला मोरीत बादलीत तोंड घालून दाखवलं. माझाच जीव घाबरा झाला. तूच शिकवलंस म्हणे.

तू मात्र काळजी करू नकोस. मी आहे.

तुझा,
धोंडा


८ जुलै

धोंड्या,

हे पत्र हसण्यावारी नेऊ नकोस. तुला पोहता येत नाही.

नीट वाच. कुठलीही वस्तू पाण्यात गेली की स्वतःच्या आकाराएवढं पाणी बाजूला सारते. ते बाजूला सारलेलं पाणी तिच्यापेक्षा वजनाला जास्त भरलं तर पाणी तिला वर उचलतं, कमी भरलं तर ती खाली जाते. एवढंच आहे सगळं. आमच्या टाक्यातलं पाणी मिठाने इतकं जड झालेलं असतं की त्यात बैल सोडला तरी तरंगेल. तुमच्या तळ्याचं पाणी हलकं आहे. तू विहिरीत तळाला गेलास तेव्हा जो होतास तोच आजही आहेस.

गंमत केली मी. वाटलं होतं, साहेब परीक्षा घेतील, तू चारचौघांसमोर दोन गटांगळ्या खाशील, कुणीतरी कॉलर धरून काढेल, आणि आम्हाला वर्षभर हसायला होईल. परीक्षाच झाली नाही त्याला मी काय करू? जागा मिळाली तेव्हा सांगायला हवं होतं. पण तुझी पत्रं इथे इतकी रंगत होती की सांगवेना.

आता सांगतो आहे ते मासोळीसाठी. तिला पाण्याचं भय नाही, पाणी तिच्या बोटावर नाचतं. मला भय तुझं आहे. बुडणारा माणूस हाताला लागेल त्याच्या गळ्यात पडतो आणि त्यालाही घेऊन जातो. मी पाहिलं आहे हे. तू पाण्यात गेलास तर ती तुला काढायला येईल, ती तशीच आहे, आणि तू माझ्या पोरीच्या गळ्यातली धोंड होशील. म्हणून त्या होडीत बसू नकोस.

माझ्यावर विश्वास नसेल तर एक अंडं घे. साध्या पाण्यात टाक, बुडेल. मग मुठीने मीठ घालत जा, वर येईल. ते अंडं म्हणजे तू. मासोळीला यातलं काही सांगू नकोस, ती आधीच माझ्यावर फुगलेली असते.

दादा


१३ जुलै

प्रिय दादा,

पत्र वाचलं आणि खरं सांगतो, मी घाबरलो. तसाच मोरीच्या उंबऱ्यावर बसलो.

मग तुझा स्वभाव आठवला. 'तुझी आई बोलावते आहे' म्हणून मला भर उन्हात घरी पळवायचास, तेव्हाही तुझा चेहरा असाच गंभीर असायचा. आणि घोड्यावर बसवून घोडा काढून घ्यायची ही तुझी जुनी खोड. माणसाला नवं नाव मिळालं, ते तुला बघवेना, होय ना? राग नाही हं माझा. मीच हसतो आहे.

तरी म्हटलं, अंडं म्हणतो आहे तर बघू. ही घरी नाही. स्वयंपाकघरात फळीवर एका वाटीत एकच अंडं वेगळं ठेवलेलं होतं. पातेल्यात नळाचं पाणी घेतलं, मिठाचा कण नाही, आणि अंडं सोडलं. दादा, ते बुडालं नाही. जरा डुललं आणि टक्कल वर काढून स्वस्थ राहिलं. बोटाने तळाला दाबलं, सोडल्याबरोबर पुन्हा वर. पातेलं बदललं, पाणी बदललं, तरी तेच. मी एकटाच पातेल्याशी बसून लहान मुलासारखा हसत होतो. तुझंच वाक्य आहे, अंडं खोटं बोलत नाही.

पत्र मासोळीला दाखवलं नाही. बापाची असली थट्टा पोरीने बघू नये.

एक वाक्य मात्र मनाला लागलं, ते तिच्या गळ्यातल्या धोंडीचं. तेवढं थट्टेतसुद्धा लिहायला नको होतंस.

रविवारी जातो आहोत. आल्यावर लिहितो.

तुझा,
धोंडा


१७ जुलै

धोंड्या, गाढवा,

ते अंडं कुजकं होतं. अंडं शिळं झालं की आतून आटतं, पोकळ होतं आणि कुठल्याही पाण्यात तरंगतं. इथे कोंबड्या दारात आहेत, अंडं म्हणजे त्या दिवशीचंच. 'ताजं अंडं घे' असं वेगळं लिहावं लागतं हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ताजं अंडं घे. ताजं. दुकानातून नाही, ज्याच्याकडे कोंबड्या आहेत त्याच्याकडून.

तार करणार होतो. फॉर्म हातात घेऊन पोस्टात उभा होतो. पण रविवारपर्यंत दिवसा घरी कुणी नसतं, तार तुमच्या तळ्याच्या ऑफिसातच जाईल, आणि तिथे चार जण वाचतील. तुझी नोकरी जाईल ती जाईल, माझ्या चिठ्ठीचं आणि मालकांच्या शिक्क्याचंही बिंग फुटेल. म्हणून पत्रच टाकतो आहे. आजच्या टपालाने गेलं तर वेळेवर पोचायला हवं.

होडीत बसू नकोस. बसलास तर उठू नकोस.

दादा


३ ऑगस्ट

भाऊजी,

तुमचं सतरा तारखेचं पत्र सोमवारी आलं. आदल्या दिवशी रविवार होता.

मी सोमवारी दुपारी पोचले. बातमी तुम्हाला तळ्याच्या ऑफिसने कळवली आहे, तीत नसलेलं तेवढं मी लिहिते. मला मासोळीने सांगितलं, तिला जमेल तसं, तुकड्यातुकड्याने.

होडी मधोमध गेल्यावर तिने उडी मारली आणि पाण्याखाली श्वास धरून राहिली. काकांची गंमत करायची होती तिला. ह्यांनी हाका मारल्या, शिट्टी वाजवली. ती वर येईना तेव्हा ह्यांनी शर्ट काढला, घडी करून होडीतल्या फळीवर ठेवला आणि पाण्यात उतरले. उडी मारली नाही. तुम्ही शिकवलं होतं तसे उतरले, पाठ टेकून, हातपाय सैल सोडून. पाणी आपणहून उचलतं ना.

ती वर आली तेव्हा ती हसत होती. तिला वाटलं, काका पण गंमत करतात. मग तिला ह्यांचा चेहरा दिसला. तिने सूर मारला, ह्यांचा हात तिच्या हाताला लागला, ह्यांनी तिचं मनगट धरलं. दोघं खाली जात होती. तिने ह्यांच्याकडे पाहिलं, ह्यांनी तिच्याकडे पाहिलं. मग हात सुटला. ती पुन्हा खाली गेली, पुन्हा गेली, होडीवाल्यांनी तिला ओढून काढेपर्यंत जात राहिली.

ती म्हणते, माझा हात निसटला. दिवसातून दहा वेळा म्हणते. आपण उगाच श्वास धरला, आणि वर हातही नीट धरता आला नाही. नर्स व्हायला आलेली पोर आहे, ती स्वतःच्या हाताकडे बघत बसते.

मी त्या सोमवारी तिचा हात पाहिला, भाऊजी. मनगटावर ह्यांच्या चार बोटांचे वळ होते, काळेनिळे, आणि आतल्या बाजूला अंगठ्याचा. ज्याचे असे वळ उठतात त्याचा हात निसटत नाही. तो सोडावा लागतो. तुमचं आठ तारखेचं पत्र ह्यांच्या घडी केलेल्या शर्टाच्या खिशात होतं. बुडणारा माणूस कसा गळ्यात पडतो ते त्यात तुम्ही नीट समजावून लिहिलं आहे. ह्यांनी ते थट्टा म्हणून खिशात ठेवलं होतं, आणि पाण्याखाली ह्यांना कळलं की ती थट्टा नव्हती. तेवढ्या वेळात ह्यांनी तुमच्या पोरीचा हात सोडला.

अंडं मी फोडलं. घरभर वास सुटला. टाकून द्यायचं म्हणूनच मी ते वाटीत वेगळं ठेवलं होतं आणि गडबडीत तशीच गेले. माझ्या वाट्याचं मी घेतलं आहे, ते मला जन्मभर पुरेल. घरी असते तर पातेलं बघून एका शब्दात सांगितलं असतं.

तार तीन तासांत येते.

पोरीला मी काही सांगितलेलं नाही. शुक्रवारच्या गाडीने ती तुमच्याकडे येते आहे. तिचा हात निसटला नव्हता, हे तिला सांगायचं, आणि ते सांगायचं तर आधीचं सगळं सांगावं लागतं. ते काम तुमचं आहे. तुम्ही तिचे वडील आहात म्हणून मी तुमच्यावर सोपवते. ह्यांनी तिला तुमच्यासाठीच सोडलं.


१९ ऑगस्ट

वहिनींस,

मासोळी आली. तब्येतीने उतरली आहे. पाण्यात उतरत नाही, टाक्याच्या पायरीवर बसते. माणसंही आता जेवायला तिकडे येत नाहीत, फावडेवाला काम सोडून गेला.

तुमचं म्हणणं मला मान्य आहे. मी सांगणार होतो. परवा संध्याकाळी तिच्याजवळ जाऊन बसलो, सुरुवात कुठून करावी याची जुळवाजुळव करत होतो. तेवढ्यात तिनेच विचारलं, 'बाबा, काकांना नीट पोहता यायचं ना? तुम्हीच शिकवलं होतं ना?'

वहिनी, तिला आता माझ्याशिवाय कोण आहे? तिने अशा नजरेने पाहिलं की मी म्हटलं, 'पट्टीचा पोहणारा होता तुझा काका. पाय आखडला असेल, भल्याभल्यांचा आखडतो.' ती म्हणाली, 'म्हणजे माझा हात निसटला नसता तर वाचले असते.' मी तिला जवळ घेतलं. पाठीवरून हात फिरवला.

पोरीचं वय लहान आहे, विसरेल. वेळ हे सगळ्यावर औषध आहे. बाप मनातून उतरला तर मात्र तिचं कुणी राहत नाही. तुम्ही शहाण्या आहात, समजून घ्याल. माझी पत्रं तुमच्याकडे असतील ती जाळून टाका, आणि तिला कृपा करून काही लिहू नका. गेलेला माणूस काही परत येत नाही.

आपला,
भाऊजी


२४ ऑगस्ट

चि. मासोळीस अनेक आशीर्वाद.

तुझा हात निसटला नव्हता.

सोबत तुझ्या बाबांची सगळी पत्रं पाठवते आहे. काकांनी त्यांना लिहिलेली तुझ्याच घरात असतील, जेवायच्या सुट्टीत वाचून दाखवायचे म्हणजे ठेवली असणारच. ती मागून घे. नाही म्हणाले तर एक ताजं अंडं आणि पातेलंभर साधं पाणी त्यांच्यासमोर ठेव, आणि पुन्हा माग.

दोन्ही तारखेप्रमाणे लाव आणि पहिल्यापासून वाच. वाचून झाल्यावर तिथे राहवलं नाही तर मागची खोली तशीच आहे.

तुझी,
काकू